कोंडातला वैशाख

(पाली, जि. रत्नागिरी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आज हवेत गारवा आहे. इथून लांज्याच्या वाटेला लागले की आंजणारीचा पूल येतो. त्याखाली काजळी अजून धडपणे वाहते आहे आणि पाण्यात हात घातला तर गार लागते. माशाच्या दृष्टीने हे सुखाचे दिवस.

याच पुलापाशी वैशाखातल्या एखाद्या पहाटे जाऊन बघा. धार बारीक झालेली असते, खडक उघडे पडलेले असतात आणि उरलेले पाणी कोंडाकोंडांत, म्हणजे पात्रातल्या खोल डोहांत, अडकलेले असते. झुंजूमुंजू होत असताना कोंडावर बारीक वर्तुळे उमटू लागतात. पाऊस पडावा तशी, पण आभाळ तर कोरडे. जरा वाकून पाहिले की कळते, ती माशांची तोंडे आहेत. बोटाएवढे शेकडो मासे पाण्याच्या अगदी वरच्या थराला तोंड लावून उघडझाप करत असतात. काठावरचा माणूस म्हणतो, मासे पाणी प्यायला वर आले. वर आले हे खरे, पण तहानेने नव्हे. त्यांना श्वास पुरत नाही.

पाणी तापते आणि त्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा गोड्या पाण्यातला मासा जगतो कसा? हा आजचा विषय. त्याचे चार भाग करू. आधी माशाच्या श्वासाचा हिशोब, मग त्याने शोधलेले उपाय, मग हे उपाय ज्यांना जमत नाहीत त्यांची गोष्ट, आणि शेवटी या सगळ्यात आपल्या नदीचे आणि आपले काम काय ते.

पहिला भाग, हिशोबाचा.

आपण बसलो आहोत त्या हवेच्या एका लिटरमध्ये साधारण 270 मिलिग्रॅम प्राणवायू आहे. पाण्याच्या एका लिटरमध्ये किती मावतो? पाणी 20 अंश सेल्सिअस असेल तर 9 मिलिग्रॅम. 30 अंशांना साडेसात. 35 अंशांना जेमतेम 7. म्हणजे कोंडातल्या माशाच्या वाट्याला येणारा प्राणवायू आपल्या पस्तिसाव्या हिश्शाइतका. त्यात पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट जड. ते तोंडातून आत घेऊन कल्ल्यांवरून बाहेर ढकलायचे, हेच मुळात कष्टाचे काम. आपण श्वास घेतो तेव्हा त्याचे श्रम जाणवत नाहीत. माशाला प्रत्येक घोट ओढून घ्यावा लागतो.

आता खर्चाची बाजू. माशाचे रक्त त्याच्या पाण्याइतकेच गरम किंवा गार असते. पाणी तापले की शरीरातल्या सगळ्या क्रिया वेग घेतात. ढोबळ नियम असा की पाणी 10 अंशांनी तापले की माशाची प्राणवायूची गरज जवळपास दुप्पट होते. 22 अंशांचे पाणी 32 अंशांवर गेले, तर पाण्यात मावणारा प्राणवायू सुमारे 16 टक्क्यांनी घटतो आणि माशाचा खर्च मात्र 100 टक्क्यांनी वाढतो. ज्या घरात पगार कापला गेला आणि त्याच महिन्यात खर्च दुप्पट झाला, त्या घराची अवस्था आपल्याला सांगावी लागत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. लिटरला 7 मिलिग्रॅम हे प्रमाण वाईट नाही. रोहू-कटला पाळणारे शेतकरीही 5 मिलिग्रॅम टिकवण्याची धडपड करतात. मग मासे मरतात का? कारण तापलेल्या पाण्यात मावणारा प्राणवायू पूर्ण भरलेला असतोच असे नाही. कोंडात पालापाचोळा साचतो, वरून सांडपाणी येते आणि ते कुजवणारे जिवाणू प्राणवायू खातात. पाणी गरम असेल तर कुजणेही वेगाने होते. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, पण रात्री तेही श्वासच घेते. रात्रभर सगळेच घेणारे, देणारे कोणी नाही. म्हणून जमा सर्वांत कमी असते ती उजाडण्याच्या आधी. पहाटेची ती वर्तुळे तेव्हाच का दिसतात, याचे उत्तर इथे आहे.

मुंबईच्या बाणगंगेत पितृपक्षानंतर मेलेले मासे तरंगतात, ती बातमी आपण अनेक वर्षे वाचत आलो आहोत. पिठाचे पिंड, फुले, तूप, दूध पाण्यात जाते, ते कुजते आणि तलावातला प्राणवायू संपतो. त्या माशांना कोणी विष घातलेले नसते.

दुसरा भाग, उपायांचा. ही गोष्ट मोठी विलक्षण आहे.

सर्वांत पहिला उपाय म्हणजे कल्ले. कल्ल्याच्या पातळ पापुद्र्यांत रक्त एका दिशेने वाहते आणि पाणी बरोबर उलट दिशेने. त्यामुळे शेवटच्या टोकापर्यंत पाण्यातला प्राणवायू रक्तात उतरत राहतो. शांत बसलेला मासा पाण्यातला 80 टक्क्यांपर्यंत प्राणवायू काढून घेऊ शकतो. आपली फुप्फुसे हवेतला साधारण पाव हिस्साच घेतात. गरिबीने हा काटकसरीचा संसार माशाला शिकवला आहे. प्राणवायू आणखी घटला की कल्ल्यांची उघडझाप वाढते, हृदयाचे ठोके मंदावतात पण प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त पुढे जाते आणि रक्त प्राणवायू अधिक घट्ट धरू लागते. याच्या जोडीला मासा हालचाल कमी करतो, खाणे टाकतो. भर उन्हाळ्यात गळाला मासा लागत नाही, अशी तक्रार ऐकू येते. तो रुसलेला नसतो, अन्न पचवायलाही प्राणवायू लागतो आणि तो खर्च त्याला झेपत नसतो.

दुसरा उपाय वरच्या थराचा. हवेला टेकलेल्या पाण्याच्या पापुद्र्यात प्राणवायू सतत मिसळत असतो. लहान मासे तोंड त्या थरात धरून तेवढेच पाणी कल्ल्यांवरून नेतात. उजाडताना कोंडावर चालते ते हेच. पण याची किंमत आहे. वर आलेला मासा धीवराला म्हणजे खंड्याला दिसतो, बगळ्याला दिसतो. श्वास हवा तर जीव धोक्यात घालावा लागतो.

तिसरा उपाय, थेट हवा घेण्याचा. मरळ आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. ती बाजारात थोड्या पाण्यात, कधी ओल्या गोणपाटातही तासन्‌तास जिवंत राहते. कशी? तिच्या कल्ल्यांच्या वर डोक्यात एक पोकळी असते आणि तिच्या भिंतींत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. संथ पाण्याच्या काठाला स्तब्ध बसून पाहा. आधी खोलात एक सावली हलते. मग मरळीचे चपटे डोके हळूच वर येते, तोंडातून जुनी हवा सुटते, नव्या हवेचा घोट आत जातो, आणि पाणी फारसे न हलवता ती मागच्या मागे खाली उतरते. मोठ्या मरळीला हे केल्यावाचून गत्यंतर नाही. तिला वर येऊ दिले नाही तर मासा असूनही ती पाण्यात गुदमरते.

मागूर माशाने याच कामासाठी डोक्यात झाडाच्या फांद्यांसारखा अवयव तयार केला आहे. शिंगीच्या अंगात कण्याच्या दोन्ही बाजूंनी शेपटीकडे गेलेल्या लांबट हवेच्या पिशव्या असतात. आणि वाळूत तोंड खुपसून बसणारी एक मिशाळ, बोटभर मासळी तर आतड्याने श्वास घेते. ती सुळकन वर येते, हवा गिळते आणि खाली जाते. आतड्याचा मागचा भाग त्या हवेतला प्राणवायू शोषतो. उरलेली हवा मागून बारीक बुडबुड्यांनी बाहेर पडते. तिचे शास्त्रीय नाव लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मॅलिस. थर्मॅलिस म्हणजे उष्ण झऱ्याची. फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांनी 1846 मध्ये तिचे वर्णन केले ते श्रीलंकेतल्या गरम झऱ्यांतल्या नमुन्यांवरून. तुरळ-राजवाडीच्या गरम पाण्याच्या कुंडांना जाऊन आलेल्या पालीकरांना हे नाव वेगळे समजावून सांगायला नको.

विद्यार्थ्यांसाठी एक दूरचे उदाहरण. युरोपातला क्रुशियन कार्प आणि आपल्या काचेच्या भांड्यातला गोल्डफिश हे जवळचे भाऊबंद. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात आणि बर्फाखालचे पाणी कित्येक आठवडे प्राणवायूशिवाय राहते. तेव्हा हे मासे शरीरातली साखर प्राणवायूविना वापरतात आणि त्यातून तयार होणाऱ्या घातक आम्लाचे रूपांतर अल्कोहोलमध्ये करून ते कल्ल्यांवाटे सोडून देतात. हे ज्या प्रथिनामुळे जमते त्याची उकल ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये केली. मात्र हा उपाय चालतो तो थंड पाण्यात, जिथे खर्च मुळातच कमी असतो. वैशाखातल्या आपल्या कोंडात तो कामाचा नाही.

आणि सवय? हळूहळू तापणाऱ्या पाण्याची सवय माशाला होते का? काही प्रमाणात होते. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत रोहूची पिल्ले 26 ते 36 अंशांच्या वेगवेगळ्या पाण्यात महिनाभर ठेवून पाहिली गेली. गरम पाण्यात राहिलेल्या पिल्लांनी पुढे अधिक उष्णता सोसली. पण त्यांचा प्राणवायूचा खर्चही चढत गेला. सवयीने सहनशक्ती वाढते, बिल माफ होत नाही.

आता तिसरा भाग. ज्यांना हे जमत नाही, त्यांचे काय?

वाहत्या पाण्यात खडकाला ओठांनी चिकटून राहणारा मळ्या घ्या. खडस म्हणजे महसीर घ्या. हे मासे खळाळत्या, गार, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात घडले. त्यांना हवा घेण्याचा अवयव कधी लागलाच नाही. (जाता जाता सांगितले पाहिजे, या माशांची शास्त्रीय नावे मराठी आहेत. कर्नल विल्यम सायक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णने 1839 च्या सुमारास प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी इथल्या मासेमारांकडून ऐकलेले शब्दच लॅटिन नावांत बसवले. मळ्याचा ‘मुल्या’ झाला, कोळशीचा ‘कोलस’. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात गेलात तरी बाटलीवरच्या चिठ्ठीत तुम्हाला आपला नदीकाठ वाचायला मिळेल.)

आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, आंबोलीला, हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी देवळाच्या कुंडात एक छोटा पट्टेदार मासा राहतो. प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्याला नदीचेच नाव दिले, शिस्टुरा हिरण्यकेशी. 2021 मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. हा मासा उगमाच्या गार, स्वच्छ पाण्यातला. सखल नदीतला मासा पाणी तापले तर वरच्या अंगाला सरकू शकतो. उगमावर राहणाऱ्याने कुठे जायचे? त्याच्या वर फक्त डोंगर आहे.

पश्चिम घाटाच्या गोड्या पाण्यात माशांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. त्या गेल्या तर त्यांची जागा कोण घेणार? चिलापी घेते आहे. 1952 मध्ये ती बाहेरून भारतात आणली गेली. ती अतिशय कमी प्राणवायूत तगते, गरम पाणी सोसते आणि जवळपास वर्षभर वीण घालते. आफ्रिकन मागूर तर हवाच घेतो. 2000 मध्येच केंद्राने त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी 2019 मध्ये महाराष्ट्रात तळीच्या तळी उपसून तो नष्ट करावा लागला. पाणी तापत आणि कुजत गेले तर नदी माशांवाचून रिकामी होईलच असे नाही. तिच्यात मासे दिसतील, पण ते आपले नसतील.

एकाच माशाच्या आयुष्यातही नाजूक काळ असतो. 2020 मध्ये जगभरच्या 694 जातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले की अंड्यातला जीव आणि अंडी भरलेली मादी यांची उष्णता सोसण्याची मर्यादा इतर वेळच्या मोठ्या माशापेक्षा बरीच कमी असते. कोकणाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. आपल्या बहुतेक नदीतल्या माशांची वीण पहिल्या पावसाशी बांधलेली आहे. मृगाच्या सरी आल्या, वहाळ भरले की पोटात अंडी घेऊन मासा प्रवाहावर चढतो. यालाच आपण वळगण म्हणतो. पाऊस पंधरा दिवस लांबला तर काय होते? अंडी तयार, शरीर जड, खर्च सर्वांत जास्त, आणि कोंडातले पाणी वर्षातले सर्वांत उथळ, सर्वांत तापलेले. नेमक्या त्या पंधरवड्यात पुढच्या वर्षीची मासळी ठरते.

हे सगळे भविष्यातले भय आहे का? नाही. 1901 ते 2018 या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढले. समशीतोष्ण प्रदेशातल्या 393 तलावांच्या नोंदी 2021 मध्ये एकत्र मांडल्या गेल्या. 1980 पासून त्यांच्या वरच्या थरातला प्राणवायू साडेपाच टक्क्यांनी आणि खोल पाण्यातला साडेअठरा टक्क्यांहून अधिक घटला होता. वाहत्या नद्यांचे तरी बरे असेल, असे वाटत होते. 2023 मध्ये अमेरिका आणि मध्य युरोपातल्या सुमारे 800 नद्यांचा अभ्यास आला. 87 टक्के नद्या तापल्या होत्या आणि 70 टक्के नद्यांनी प्राणवायू गमावला होता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात मेनिंडी गावाजवळ डार्लिंग नदीत लाखो मासे मरून पडले. पूर ओसरताना कुजलेला पाला नदीत आला होता, वर उन्हाची लाट होती आणि पाण्यात श्वास उरला नव्हता.

चौथा भाग, आपल्या नदीचा.

माशाचे सगळे उपाय आपण पाहिले. हळू राहणे, वर येणे, हवा गिळणे, सरकणे. या प्रत्येक उपायाला एक जागा लागते. हळू राहायला खोल, गार तळ हवा. वर यायला आडोसा हवा. सरकायला वाट हवी. ही जागा म्हणजे कोंड, आणि कोंडावर सावली धरणारा काठ. खोल कोंडाचा तळ भर दुपारीही वरच्या पाण्यापेक्षा गार राहतो, आणि जांभ्यातून पाझरणारा एखादा झरा त्यात उतरत असेल तर तो माशांचा उन्हाळ्याचा ओसराच.

हे आपल्या आधीच्या पिढ्यांना ठाऊक होते असे म्हणायला आधार आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा तो कोंड. तिथले मोठाले मासे देवीचे, त्यांना कोणी गळ लावत नाही. भाविक त्यांना खाऊ घालतात. श्रद्धेच्या भाषेत सांगितलेला तो नियम नदीच्या भाषेतही बरोबर आहे. उन्हाळ्यात मासा जिथे गोळा होतो, तिथे त्याला हात लावायचा नाही.

आज आपण काय करतो? मनापासून आणि न चिडता ही यादी करू या. आटलेल्या कोंडात विषारी पाला किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारले जातात. हे विष घाव घालते कल्ल्यांवर, आधीच दमलेल्या अवयवावर, आणि मोठ्या माशाबरोबर बोटभर पिल्लू, झिंगा, खेकडा सगळेच संपते. काठावरचे करंज, जांभूळ, उंबर तुटतात आणि ऊन थेट पाण्यावर पडते. आणि गाळ काढताना आपण कधीकधी नदीच सपाट करतो.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे. 22 जुलै 2021 च्या महापुराने चिपळूणचे काय केले ते या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यानंतर वाशिष्ठीचा गाळ काढण्याचे मोठे काम झाले आणि त्याची गरजही होती. माणसांची घरे बुडत असताना माशांचे गाऱ्हाणे कोणी पुढे करू नये. पण गाळ काढणे आणि नदीचा तळ एकसारखा खरवडून काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोंडे गेले, खळखळ गेली की पाण्यात हवा मिसळत नाही. खोली सगळीकडे सारखी झाली की उन्हाळ्यात उरते एक रुंद, वीतभर, तापलेले पाणी. यंत्र नदीत उतरवण्याआधी गावातल्या जुन्या जाणत्यांना बरोबर घेऊन कोंड कुठले, झरे कुठले, हे खुणा करून ठेवता येते. त्याला वेगळा पैसा लागत नाही.

बंधाऱ्यांचेही तसेच. दर हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यात लोक श्रमदानाने वनराई आणि कच्चे बंधारे बांधतात. विहिरींना त्याचा आधार आहे. पण अडलेल्या पाण्यात पाला साचू दिला आणि वरून थोडी धार सांडत ठेवली नाही, तर खालचा वहाळ मरतो आणि वरचे पाणी कुजते. सांडव्यावरून पडणारी हातभर धारसुद्धा पाण्यात प्राणवायू कालवते. पावसाआधी बंधारा मोकळा केला तर वळगणीची वाटही खुली राहते. समुद्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि कोळी बांधव पदराला खार लावून ती पाळतात. वहाळावर चढणाऱ्या अंड्याच्या माशाला पहिले चार-आठ दिवस तरी तेवढाच मान मिळावा, एवढीच विनंती.

आता सगळे एकत्र करून बघू. पाणी तापले की प्राणवायूची जमा घटते आणि माशाचा खर्च वाढतो. कुजण्यामुळे उरलेली जमाही संपते, तीही पहाटे. मासा यावर काटकसर करतो, वर येतो, काही जाती हवा घेतात. ज्यांना हवा घेता येत नाही आणि जे अजून अंड्यात आहेत, ते खोल, गार, सावलीच्या पाण्यावर अवलंबून असतात. आणि ते पाणी राखणे किंवा घालवणे बऱ्याच अंशी काठावरच्या गावाच्या हातात आहे. जगाचे तापमान पालीची ग्रामसभा कमी करू शकणार नाही, हे खरे. पण एका कोंडावरची सावली आणि त्यातला पाला ही बाब तिच्या आवाक्यातली आहे.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक काम. पाण्यातला प्राणवायू मोजायची सोपी रीत हंगेरीच्या लायोश विंक्लर यांनी 1888 मध्ये शोधली. ती आजही चालते आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तिची रसायने असतात. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय इथून दूर नाही, तिथे रीत शिकून घेता येईल. काचेची बाटली कोंडाच्या पाण्यात बुडवून काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. त्यात आधी मँगनीजचे क्षार आणि मग आयोडाइडचे अल्कलीयुक्त द्रावण घालायचे, बूच लावून बाटली उलटीपालटी करायची. आत साका तयार होतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तो तपकिरी होतो, जितका जास्त तितका गडद. प्राणवायू नसेल तर साका पांढराच राहतो.

फाल्गुनापासून पहिल्या पावसापर्यंत दर आठवड्याला दोन बाटल्या भरा, एक दुपारी तीनला आणि एक उजाडण्याच्या आधी. प्रत्येक वेळी दोरीला थर्मामीटर बांधून वरच्या थराचे आणि तळाचे तापमान घ्या. वही एकच ठेवा, आणि ती पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे द्या. पहिली बाटली आंजणारीच्या पुलाखालच्या पाण्याची असू द्या. तिथे मोठी माणसे बरोबर घेऊन जा, काठ निसरडा असतो.